वसाहतीची ओळ

ऑफिसात तिला सगळे ताई म्हणत, साहेबसुद्धा, आणि साहेब तर तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे होते. टायरच्या दुकानावर तीन खोल्यांत त्यांची कंपनी होती. खाली चाकात हवा भरायचं मशीन सुरू झालं की वर टेबलावरची पेनं थरथरायची. तिथं बसून ताई आणि तिचे चार सहकारी इस्पितळाच्या गाड्यांचं वेब अ‍ॅप्लिकेशन सांभाळत. ज्यांच्या किडन्या निकामी झाल्यात, ज्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या मशीनवर जावं लागतं, त्यांनी त्यात नाव, पत्ता आणि वार भरायचे. ठरल्या वेळी गाडी दारात येणार.

पत्त्याची चौकट आजवर मोकळी होती. लोक त्यात मनाला येईल ते लिहीत. ‘पिठाच्या गिरणीमागे, निळं दार.’ ‘मागच्या वेळी आला होतात तेच घर.’ एका आजोबांनी लिहिलं होतं, ‘कुत्रा भुंकेल, पण चावत नाही.’ ड्रायव्हर हसायचे, फोन करायचे आणि पोचायचे.

मग वरून, कंत्राट देणाऱ्या सरकारी खात्याकडून, पत्र आलं. यापुढे प्रत्येक पत्ता राष्ट्रीय पिनकोड यादीतलाच हवा. माणसानं पिनकोड टाकायचा, गावाचं नाव आपोआप उमटायचं, नकाशावर ठिपका आपोआप पडायचा आणि ड्रायव्हरनं त्या ठिपक्यापाशी जायचं. साहेबांनी ते काम ताईवर सोपवलं, कारण किचकट काम दिसलं की ऑफिसातले बाकीचे कानावर हात ठेवत आणि ताईला ते कधी जमलं नव्हतं.

यादी उतरवून घेतली तेव्हा तिनं कपाळावर हात मारला. दीड लाखाच्या वर ओळी. एकाच गावाची चार स्पेलिंगं, नावांच्या शेवटी विनाकारण सोडलेल्या मोकळ्या जागा. काही पिनकोडच्या शेवटची शून्यं कुठल्यातरी कारकुनानं टाइप करताना गिळून टाकलेली. ताईनं तीन आठवडे बसून ती शून्यं परत लावली, मोकळ्या जागा छाटल्या, स्पेलिंगं जुळवली. यादी दरवर्षी नव्यानं निघत असे, म्हणून जुनी सगळी पुसून नवी भरायची सोय केली आणि ती कशी चालवायची याची दोन पानी टिपणंही लिहून ठेवली. कामाला नाव ठेवायला जागा नव्हती.

शेवटी तपासायचं म्हणून तिनं आधी स्वतःच्या घराचा पिनकोड टाकला. गाव उमटलं, ठिपका बरोबर तिच्या इमारतीजवळ पडला. मग तिनं दादाच्या वसाहतीचा टाकला.

‘पत्ता सापडला नाही.’

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. दगडखाणीत वायरमन होता. खाण बंद पडून बारा वर्षं झाली, खाणवाल्यांनी मागं सोडलेल्या वसाहतीत आता पन्नासेक घरं उरली होती, आणि दादा त्यातल्या एकात एकटा राहायचा. वहिनी गेल्यानंतर त्याच्या किडन्यांनी मान टाकली. सोमवार, बुधवार, शुक्रवार गाडी त्याला न्यायची. त्याच गाडीत वसाहतीतली शिवणकाम करणारी काकू असायची आणि एक गॅरेजवाला असायचा. तिघांची आता एका घरची असावी तशी सवय झाली होती.

ताईनं यादी पुन्हा चाळली. वसाहत कुठंच नव्हती. गेल्या वर्षीच्या यादीत होती, या वर्षीच्या यादीत नव्हती. शेजारच्या गावाचा पिनकोड टाकून पाहिला, तर ठिपका नदीपलीकडच्या बसस्टँडवर पडला. वसाहतीपासून ते अकरा किलोमीटर, आणि ठिपका सोडून जायची ड्रायव्हरला परवानगी नव्हती.

ती साहेबांकडे गेली. साहेब डबा उघडत होते.

“एक मोकळी चौकट ठेवू या,” ती म्हणाली. “ज्यांचं गाव यादीत नाही त्यांच्यासाठी.”

“ताई, यादीबाहेरचं काही नको म्हणून तर हे सगळं करतोय.”

“पण माणसं आहेत तिथं.”

“किती?”

“मशीनवर जाणारी तीन.”

साहेबांनी डब्याचं झाकण परत लावलं. माणूस वाईट नव्हता. “तीन माणसांसाठी मी वर काय सांगू? पोस्टाची यादी चुकलीय? ते म्हणतील पोस्टाला सांगा. आणि बरोबरच आहे त्यांचं. तू पोस्टालाच सांग.”

रविवारी ती वसाहतीत गेली. दादा दारात खुर्ची टाकून बसला होता आणि बर्फाचा खडा चघळत होता. दिवसाला किती पाणी प्यायचं ते ठरलेलं असल्यामुळे तो त्यातलं निम्मं गोठवून ठेवायचा. बर्फ जास्त वेळ पुरतो, असं त्याचं म्हणणं.

“ये खडू,” तो म्हणाला. लहानपणी ती शाळेतले खडू खायची, तेव्हापासून त्याच्यासाठी तिचं तेच नाव होतं.

तिनं सगळं सांगितलं. ऐकून तो हसला. “म्हणजे सरकारच्या हिशेबी मी नाहीच. मग दुखतं ते कुणाचं?”

“चेष्टा नको, दादा. पुढच्या महिन्यापासून नवा फॉर्म सुरू होतोय.”

“तू केलास ना तो? मग झालं तर. घरचा वैद्य असल्यावर कसली काळजी.”

समोरच्या घरातून काकूच्या मशीनचा आवाज येत होता. काकू साठीच्या पुढची, पाय सुजलेले, तरी पायानं चालवायचं मशीन सोडत नव्हती. ताईला पाहून ती बाहेर आली, तिच्या बाहीचा उसवलेला टाका तिथंच बसून घालून दिला आणि मग म्हणाली, “बाई, गाडीचं तुम्ही बघता असं तुमचे दादा सांगतात. गाडी आहे म्हणून मी आहे हो.”

मंगळवारी ताई रजा टाकून जिल्ह्याच्या पोस्टात गेली. पिनकोडचं काम पाहणारा कारकून मागच्या खोलीत, दोन कपाटांच्या मधे बसायचा. त्यानं तिला खुर्ची दिली, सगळं शांतपणे ऐकलं आणि एक जाड रजिस्टर काढून पान उघडलं. वसाहतीच्या नावावर लाल रेघ मारली होती.

“टपाल कमी,” तो म्हणाला. “महिन्याला पन्नासच्या खाली गेलं की ठिकाण शेजारच्या गावात मिळवतात. तुमच्या वसाहतीला वर्षभरात एकूण एकोणीस पत्रं.”

“आता पत्रं कोण लिहितं?”

“तेच तर. पत्रं कुणी लिहीत नाही आणि पिनकोड सगळ्यांना हवा.” त्यानं चष्मा काढून पुसला. “एक करता येईल. सलग तीन महिने पन्नास-पन्नास पत्रं मोजली गेली, तर परत अर्ज करता येतो. नियम आहे तसा.”

निदान नियम तरी होता. ताईला तेवढंही पुरलं. परत येताना तिनं दीडशे पाकिटं घेतली.

तोवर नवा फॉर्म सुरू व्हायची तारीख आली. आदल्या दुपारी सगळे जेवायला गेले असताना ताईनं कंपनीच्या यादीत एक ओळ हातानं घातली. वसाहतीचं नाव, जुना पिनकोड आणि दादाच्या दारात उभं राहून फोनवर टिपून आणलेला नकाशाचा ठिपका. एक ओळ. आयुष्यात तिनं कधी हजेरीपटावर दुसऱ्याची सही केली नव्हती. ओळ घातल्यावर ती नळावर जाऊन हात धुऊन आली, का ते तिचं तिलाही कळलं नाही.

दादाला मात्र तिनं सांगितलं. “कुणाजवळ बोलू नकोस. कळलं तर नोकरी जाईल.”

“मी काय गावभर दवंडी पिटणार आहे?” तो म्हणाला. पण नंतर बराच वेळ तो तिच्याकडे बघत राहिला.

गाडी येत राहिली. इकडे ताईनं पत्रं लिहायला घेतली. सुरुवातीला पाकिटात कोरा कागद घालायची. चौथ्या-पाचव्या पाकिटाला तिलाच लाज वाटली आणि तिनं दोन ओळी लिहिल्या. मग पानभर. आई गेल्यावर घर कुणी आवरायचं यावरून तिचं नि दादाचं वाजलं होतं आणि त्यानंतर सात वर्षं ती कामापुरतीच बोलत होती. त्या भांडणाचं तिनं एका पत्रात लिहिलं. माझं चुकलं असं नाही लिहिलं, पण तू त्या दिवशी जेवला नव्हतास ते माझ्या लक्षात आहे, असं लिहिलं. ऑफिसातल्यांनीही हातभार लावला. चष्मेवाला सहकारी काकूला शर्टाच्या मापाची पत्रं पाठवायचा आणि काकू त्याला तितक्याच गांभीर्यानं उत्तरं द्यायची. पोस्टमन आठवड्यातून एकदा येऊन दादाच्या ओट्यावर गठ्ठा टाकायचा आणि आसपासची चार माणसं जमायची. फोनवर दादा म्हणाला, “खडू, तुझं अक्षर अजून कोंबडीच्या पायासारखं आहे. पण येऊ दे.”

तीन महिने झाले. ताईनं पत्रांची नोंद स्वतः ठेवली होती, दरमहा साठाच्या वर. ती कारकुनाकडे गेली. त्यानं आकडे मागवले, कागद आला, तो त्यानं दोनदा वाचला आणि तिच्यासमोर सरकवला.

शून्य.

“असं कसं? मी स्वतः टाकलीत. पोचलीत सगळी.”

कारकून उठून आत गेला, कुणाशी तरी बोलला, अर्ध्या तासानं आला. मान खाली घालूनच बोलला. “पत्रं निवडणाऱ्या मशीनला तुमचा जुना पिनकोड ओळखता येत नाही. यादीत नाही ना तो. मशीन ती पत्रं शेजारच्या गावाला पाठवतं आणि मोजणी त्या गावाच्या नावावर होते.”

“म्हणजे यादीत यायला पत्रं मोजली जायला हवीत, आणि मोजली जायला यादीत असायला हवं.”

“हो.”

“तुम्हाला माहीत नव्हतं?”

“आजवर कुणी तीन महिने पत्रं टाकलीच नव्हती, बाई,” तो म्हणाला. त्याचा आवाज इतका ओशाळा होता की तिला त्याच्यावर रागावताही येईना. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. तिनं लेखी अर्ज दिला, पोच घेतली. आठ दिवसांनी उत्तर आलं की यादीत दुरुस्ती वर्षातून एकदाच होते आणि मोजणीच्या अटीत बसणाऱ्या ठिकाणांचाच विचार होतो.

आता सगळी मदार त्या एका ओळीवर होती. नवी वार्षिक यादी वर्षअखेरीला येणार, ती भरली की आपली ओळ पुसली जाणार, ती त्याच दिवशी परत घालायची, हे ताईनं मनात पक्कं केलं. कुठं लिहून ठेवलं नाही. लिहिणार तरी कुठं? टिपणांच्या दोन पानांत तर ते येणंच शक्य नव्हतं.

यादी त्या वर्षी तीन आठवडे आधी आली. शनिवारी. शुक्रवारपासून ताईला सणकून ताप होता, एकशे तीनच्या घरात. चष्मेवाल्यानं तिला त्रास नको म्हणून फोनही केला नाही. त्यानं टिपणं उघडली आणि त्यात लिहिलं होतं तसं एकेक करत गेला. जुनी यादी पुसली, नवी भरली, शून्यं तपासली, मोकळ्या जागा छाटल्या. टिपणं इतकी चांगली होती की तासाभरात काम झालं. शेवटी त्यानं ताईला मेसेज केला, ‘सगळं नीट झालं, तू आराम कर.’ तो तिनं गुरुवारी वाचला.

गुरुवारी दुपारी ती ऑफिसात आली, अजून अंगात कणकण होती. मेसेज वाचला आणि तशीच उभ्यानं नाकारलेल्या मागण्यांची नोंद उघडली. सोमवार, तीन ओळी: पत्ता सापडला नाही. बुधवार, दोन ओळी: पत्ता सापडला नाही.

तिनं दादाला फोन लावला. उचलला गॅरेजवाल्यानं.

“दादांना सकाळी ट्रॅक्टरमधून नेलं,” तो म्हणाला. “मशीनवर आहेत. श्वास लागला होता. डॉक्टर म्हणाले, निभावेल.”

“आणि काकू?”

“काल संध्याकाळी,” तो म्हणाला. “मी सोमवारी माझ्या मोटरसायकलवरनं गेलो, दोन खेपा करतो म्हणालो होतो. काकूंना मागं बसवेना. तोल जायचा, आणि दादा त्यांना एकटं सोडून यायला तयार होईनात. बसथांबा तीन किलोमीटर, त्यांचे पाय तुम्ही बघितलेत. मी म्हटलं ताईंना फोन करतो, तर दादा नको म्हणाले.”

“का?”

“ते तुम्ही त्यांनाच विचारा.”

ताईनं आधी ओळ परत घातली. पिनकोड दोनदा चुकला. मग ती साहेबांच्या खोलीत गेली, दार लावून घेतलं आणि सगळं सांगून टाकलं, ओळ कधी घातली, कशी लपवली, कशी पुसली गेली आणि कोण गेलं.

साहेबांनी सगळं ऐकलं. रागावले नाहीत, आणि तेच तिला सोसवेना.

“हे आणखी कुणाला सांगू नकोस,” ते म्हणाले. “ओळ होती हे कळलं तर कंत्राट जाईल, सगळ्यांचीच पोटं आहेत. आणि ताई, कागदावर चूक कुणाचीच नाही. सेवाक्षेत्राबाहेरून मागणी आली, ती नाकारली. रिपोर्टात एवढंच येईल.”

“बाई मेलीय, साहेब.”

“कळतंय मला.” त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. “आता घातलीस ती ओळही काढ. आता सगळ्यांचं लक्ष असेल.”

तिनं मोकळ्या चौकटीसाठी पुन्हा एकदा लेखी मागणी केली, या वेळी मृत्यूचा उल्लेख करून. साहेबांनी ती खरोखरच वर पाठवली. वरून उत्तर आलं की सूचना चांगली आहे, पुढील टप्प्यात विचार करता येईल. पुढचा टप्पा कधी, ते लिहिलं नव्हतं.

ओळ काढायच्या आधी तिनं दादाला स्वतःच्या घरी आणलं. दुसरा मार्ग नव्हता. गॅरेजवाल्यानं बिऱ्हाड शहरात हलवलं. दादा कपड्यांच्या दोन पिशव्या घेऊन आला आणि आतल्या खोलीत, खिडकीशी बसला. तिच्या घराचा पत्ता यादीत होता, ठिपका इमारतीजवळ पडत होता, आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार गाडी साडेसहाला फाटकाशी उभी राहायची, मिनिटाचाही फरक नाही. तिच्या नवऱ्यानं त्याच्यासाठी रेडिओ आणला, तो त्यानं लावला नाही. बर्फ गोठवणं त्यानं बंद केलं. पाणी दिलं तर प्यायचा, न दिलं तर मागायचा नाही.

दीड महिना तो काकूबद्दल एक शब्द बोलला नाही. मग एका सोमवारी, गाडीची वाट बघत दोघं फाटकाशी उभी असताना, तो समोर बघतच म्हणाला, “तिला मीच म्हणालो, थांबा. माझी बहीण बघेल म्हणालो.”

“मग मला फोन का नाही केलास?”

“मला वाटलं तुझी ओळ पकडली गेली. गाडी आली नाही म्हणजे तेच असणार. मी फोन केला असता, कुणी ऐकलं असतं, तर तुझ्या नोकरीवर आलं असतं. म्हटलं खडू आपणहून काहीतरी करत असेल. दोन दिवस कळ काढू.”

“मी तापानं पडले होते, दादा.”

“हो. नंतर कळलं.”

तिला म्हणायचं होतं की त्यात तुझी चूक नाही. पण हेच वाक्य साहेबांनी तिला ऐकवलं होतं आणि ते किती निरुपयोगी असतं ते तिला माहीत होतं. म्हणून तिनं त्याचा हात धरला. सुई टोचायच्या जागी, कातडीखाली, मांजर गुरगुरावं तसं रक्त थरथरत होतं. तो थरार आहे तोवर हात चांगला, असं डॉक्टरनं शिकवलं होतं. तिनं तो बोटांनी तपासला, नेहमीसारखा.

“चांगला आहे,” ती म्हणाली.

“असू दे,” दादा म्हणाला.

गाडी आली. ड्रायव्हरनं उतरून दार उघडलं आणि कागदावरचा पत्ता वाचून विचारलं, “हेच ना?” दादानं मान हलवली, दांडीला धरून एकेक पायरी चढला आणि मागच्या बाकावर बसला. बाकीचा बाक रिकामाच होता. गाडी वळणावरून गेल्यावरही ताई तिथंच उभी राहिली. मग ऑफिसची वेळ झाली, तशी ती निघाली.